सात नंबरची लाल खाचगाडी

मुलांनो, डोळे मिटू नका, उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. तुमच्या दप्तरात एक पेन्सिल आहे. गणिताच्या तासाला तुम्ही ती चावली होती, म्हणून तिच्या मागच्या टोकाला तुमच्या दातांच्या खुणा आहेत. ही पेन्सिल तुम्ही कपाटाएवढ्या एका यंत्रात ठेवता. यंत्र तिला आतून-बाहेरून न्याहाळते, तासभर घरघरते आणि दार उघडले की आत दोन पेन्सिली. दोन्हींवर तुमचेच दात. आता सांगा, तुमची कोणती?

ही गोष्ट ज्या काळातली आहे, त्या काळात असे यंत्र प्रत्येक मोठ्या गावात एखाद-दुसरे होते. त्याला म्हणत जुळेयंत्र, आणि त्यातून निघालेल्या दुसऱ्या, नव्या वस्तूला जुळी. सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. मग कुठल्याशा देवळातली समई जुळी निघाली. कुणाच्या लग्नातले आहेराचे चांदीचे ताट जुळे निघाले. माणसे प्रत्येक जुन्या वस्तूकडे डोळे बारीक करून बघू लागली. आणि बघता बघता, वस्तू आणणाऱ्या माणसाकडेही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, जिथे लेथच्या आवाजाशिवाय सकाळ होत नाही, तिथे एक छोटे खेळणी-संग्रहालय होते. सागर सुतार तिथली देखभाल करायचा. किल्ल्या त्याच्याच कमरेला. त्याची अकरा वर्षांची मुलगी ईश्वरी शाळा सुटली की तिथेच येऊन अभ्यासाला बसायची.

संग्रहालयाची शान होती सात नंबरची लाल खाचगाडी. खाचगाडी म्हणजे काय ते सांगतो. एक रुळासारखी पट्टी असते, तिच्या मधोमध अरुंद खाच. गाडीच्या पोटाखालचा खिळा त्या खाचेत बसतो, म्हणून गाडी वाट सोडत नाही. खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या, त्यांतून वीज येते. हातातला खटका जितका दाबाल तितकी गाडी जोरात पळते. फार दाबलात तर वळणावर उडून भिंतीवर! ऐंशी वर्षांपूर्वी उद्यमनगरातल्याच एका कारखान्याने अशा बारा गाड्या बनवल्या होत्या. त्यांतली ही एकच उरली होती. निदान सगळे तसे समजत होते.

खेळणी-वारसा मंडळाच्या यादीत तिचे नाव घालायचे ठरले, आणि तपासणीसाठी मोकाशी मॅडम आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही. एक चपटी पेटी गाडीवरून तीनदा फिरवली आणि म्हणाल्या, "जुळी आहे."

संग्रहालयाचे सचिव निंबाळकर खुर्चीतून उठलेच. "मॅडम, पुन्हा एकदा बघा की!"

"तीनदा बघितलं."

"पण तुमच्या पेटीला कळतं कशावरून?" सागरने विचारले.

"ते मी सांगत नसते. आज तुम्हाला सांगितलं की उद्या खोटं करणाऱ्याला कळतं." त्यांनी सागरकडे जरा जास्तच वेळ पाहिले. "किल्ल्या कुणाकडे असतात?"

उत्तर द्यायची गरजच नव्हती. किल्ल्या सागरच्या कमरेला वाजत होत्या.

"उद्या दुपारी बारापर्यंत खरी गाडी जागेवर आली, तर मी काही बघितलं नाही," निंबाळकर हळू आवाजात म्हणाले. "नाहीतर पोलिसात तक्रार. सागर, तुझ्या वडलांपासून ओळखतो तुला. मला हे करायला लावू नको."

सागर काहीच बोलला नाही. कोपऱ्यात अभ्यासाला बसलेल्या ईश्वरीला त्याचेच नवल वाटले. रस्त्यात कुणी चुकीच्या बाजूने आले तरी तिचे पप्पा दहा मिनिटे भांडायचे. आणि आज चोर म्हणत असताना गप्प?

उद्यमनगरात बातमी लेथच्या पट्ट्यापेक्षा वेगाने फिरते. संध्याकाळी कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "काय सागरभाऊ, चहा खरा देऊ का जुळा?" आणि स्वतःच खो-खो हसला. शेजारची सानिका तर थेट ईश्वरीलाच म्हणाली, "तुझे पप्पा तरी खरेच आहेत का गं? बघ एकदा पेटी फिरवून."

ईश्वरीने तिला तिथेच चिमटा काढला. पण घरी आल्यावर ती खरेच पप्पांकडे बघत राहिली. आणि तेव्हाच तिला ते दिसले. पप्पांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली काहीतरी छोटी वस्तू काढली, इकडेतिकडे पाहिले आणि कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यामागे सरकवली.

"पप्पा, काय ठेवलं?"

"काही नाही. जेव तू."

संशयाची एक गंमत असते मुलांनो, वाईट गंमत. तो एकदा आत आला की आधीच्या सगळ्या साध्या गोष्टींना शेपट्या फुटतात. पप्पा मागच्या आठवड्यात उशिरा का आले होते? फोन आला की बाहेर का जातात? भाकरी मोडताना ईश्वरी हेच मोजत होती. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून तिने गणपती पाहिले, तो माणूस समोर बसला होता आणि तिला तो जरा अनोळखी वाटत होता.

सकाळी सागर अंघोळीला गेला. ईश्वरी स्टुलावर चढली. डब्यामागे रुमाल होता, आणि त्यात काहीतरी कडक. गाडीच असणार, असे तिला वाटले. तिने डोळे किलकिले करून गाठ सोडली.

आत हिरव्या मुठीचा बोटाएवढा पेचकस होता. तिचाच. दसऱ्यापासून हरवलेला.

एक गोष्ट मी तुम्हाला आतापर्यंत सांगितली नाही, कारण ईश्वरीलाही तिचा या सगळ्याशी काही संबंध दिसला नव्हता. दर रविवारी संग्रहालय झाडून झाले की सागर तिला सात नंबरची गाडी दोन फेऱ्या चालवू द्यायचा. मोटरमधले चुंबक दुबळे झाल्याने गाडी फार थकली होती. चढावर तर चालणाऱ्या मुंगीने मागे टाकावे अशी. खंडेनवमीच्या दिवशी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सागर पूजेसाठी फुलांच्या माळा बांधत होता, तेव्हा ईश्वरीने टेबलाखाली बसून हिरव्या पेचकसाने गाडी उघडली, मोटर काढली, कंपासपेटीत घातली आणि दोन गल्ल्या पलीकडे सुलेमान मिस्त्रींकडे पळाली. जुन्या स्कूटरींच्या, ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोतली चुंबके मेली की ती पुन्हा ताजी करून देणे हा सुलेमानचाचांचा धंदा. त्यांच्या दारावर पाटीच होती, 'मॅग्नेट चार्जिंग'.

"लवकर दे बाळ," ते म्हणाले होते. "मशीन पूजेला मांडलं की आज हात लावायचा नाही त्याला."

उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला दमलेले यंत्र बघवत नाही. ही तिथली रीतच. त्या दिवशी पूजा केलेल्या प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागते, म्हणून ईश्वरीनेही मोटर परत बसवताना, कुणाला दिसणार नाही अशा जागी, चुंबकाच्या पाठीवर चिमूटभर कुंकू लावले. पुढच्या रविवारी पप्पांना चकित करायचे होते. पण यादीचे पत्र आले, गाडी काचेत गेली, आणि तिला कुणी हात लावू देईना.

पेचकस हातात धरून ईश्वरी स्टुलावर उभी राहिली. पप्पांना तो टेबलाखाली सापडला असणार. गाडी तिनेच उघडली, हे त्यांना कळले होते. आणि तरी ते काल गप्प बसले होते. मग तिच्या डोक्यात आले: त्या जुन्या गाडीत ताजे असे एकच होते, चुंबक.

ती सुलेमानचाचांना हाताला धरून घेऊनच संग्रहालयात शिरली, तेव्हा साडेअकरा झाले होते. सागर खाली मान घालून उभा. निंबाळकरांच्या हातात फोन.

"मॅडम," ईश्वरीला धाप लागली होती, "तुमची पेटी चुंबक मोजते का?"

मोकाशी मॅडमचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी गाडीतलं चुंबक ताजं करून आणलंय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी."

"ईशू!" सागर ओरडला. "गप्प बस. मॅडम, लहान आहे, काहीही बोलते ती."

"बोलू द्या." मॅडम खाली बसल्या, ईश्वरीच्या डोळ्यांसमोर डोळे आणून. मग, जे त्या कधी सांगत नसत, ते त्यांनी सांगितले. "शाळेत प्रार्थनेला रांगेत उभी राहतेस ना? सगळ्यांची तोंडं एका दिशेला. चुंबकातले कण तसेच उभे असतात. वर्षं गेली, ठोके बसले, की एकेक जण वळतो, रांग मोडते. जुळेयंत्र कण जसेच्या तसे आणतं, पण रांग आणता येत नाही त्याला. ती शेवटी एका झटक्यात लावावी लागते. म्हणून जुळ्याचं चुंबक नेहमी ताजं असतं. रंग जुना, झीज जुनी, चुंबक तेवढं आजचं. पण बाळ, तू म्हणतेस म्हणून मी कसं मानू? गाडी दसऱ्याच्या आधीच बदलली असेल तर?"

"मग ती मुंगीसारखी कशाला चालली असती?"

"ती तशी चालत होती हे कोण सांगणार?"

"मी सांगतो की," सुलेमान मिस्त्री म्हणाले. "चार्जिंगच्या आधी मी चुंबकाचा जोर मोजायचा काटा लावतोच. पार मेलेलं हुतं. काटा तिसऱ्या रेघेच्या पुढं जाईना. या पोरीला म्हटलंबी, ही मोटर तुझ्या आज्याच्या आज्याची हाय का गं?"

मॅडम किंचित हसल्या, पण डोळ्यांतला संशय तसाच. "म्हणजे दसऱ्याला खरी होती. आणि त्यानंतर बदलली असेल तर?"

ईश्वरीने विचारले, "तुमच्या जुळेयंत्रात कुंकू जुळतं का?"

"कुंकू?"

"सुटं. पूड."

मॅडम सावकाश उठल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "यंत्र कणाला कण चिकटवत जातं. सुटी पूड असली तर तिची खपली होते. बोटाला लागत नाही."

"मग उघडा."

नियम असा होता की तपासणीची वस्तू उघडायची नाही. मॅडमनी निंबाळकरांकडे पाहिले, निंबाळकरांनी घड्याळाकडे. मग ईश्वरीने हिरवा पेचकस पुढे केला, आणि तो बघताच सागरने तोंड फिरवले. दोन स्क्रू निघाले. मोटर बाहेर आली. मॅडमनी चुंबकाच्या पाठीवर बोट टेकवले आणि उजेडात धरले.

बोट लाल झाले होते.

"खरी आहे," त्या म्हणाल्या. निंबाळकर धपकन खुर्चीत बसले. सुलेमानचाचांनी सागरच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की किल्ल्या वाजल्या.

पण मॅडमनी कागद पुढे ओढला होता, आणि त्यांचा आवाज खाली आला. "खरी आहे, पण मूळ स्थितीत नाही. ऐंशी वर्षांत त्या चुंबकात जे लिहिलं गेलं होतं, ते पुसलं गेलं. यादीत आता जाईल की नाही, मला सांगता येत नाही. 'बदल कोणी केला' हा रकाना मला भरावाच लागेल."

"माझं नाव लिहा," सागर लगेच म्हणाला. "किल्ल्या माझ्याकडे होत्या."

"पप्पा, तुम्ही काल मला का नाही विचारलं?"

सागर जमिनीकडे बघत म्हणाला, "तू का नाही विचारलंस मला?"

मुलांनो, इथे जरा थांबा. मी इतकी वर्षे शिकवतोय, तरी याचे उत्तर मला नीट येत नाही. कुणी माया करून एखाद्या वस्तूला पुन्हा धावते केले, तर ती आधीपेक्षा कमी खरी होते का? आणि वस्तू मोजायची पेटी आपल्याकडे आहे; माणसावर घेतलेला संशय मोजायची पेटी कोण बनवणार?

ईश्वरीजवळ विचार करायला इतका वेळ नव्हता. रकान्यावर मॅडमचे पेन थांबले होते. तिने ते त्यांच्या हातातून काढून घेतले, आणि शाळेच्या वहीवर लिहिते तसे, एकेक अक्षर सुटे, पूर्ण नाव लिहिले: ईश्वरी सागर सुतार.