काचेमागची ओळ

शरीरक्रिया विभागात सगळे त्यांना घड्याळमामा म्हणत. एकतीस वर्षं एकच काम: टेस्ट ट्यूबमध्ये द्रावण घ्यायचं, रक्ताचा थेंब टाकायचा, नळीमागे छापील कागद धरायचा आणि सेकंद मोजायचं घड्याळ दाबून सुरू करायचं. आधी सगळं गढूळ. मग विरघळलेला पदार्थ तांबड्या पेशीच्या पडद्यातून आत शिरतो, मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगून फुटते आणि कागदावरची ओळ स्वच्छ वाचता येते, की घड्याळ थांबवायचं. युरियाला काही सेकंद, ग्लिसरीनला जरा जास्त. असं प्रत्येकाचं ठरलेलं.

या वेळांचा तक्ता विभागप्रमुख सरांच्या पुस्तकात होता. रक्त सरांचं, नाव सरांचं, मोजमाप मामांचं. आता नवी आवृत्ती निघायची होती आणि मामा निवृत्तीला टेकले होते.

"सर, यंदा तक्त्याखाली माझंही नाव..."

"टाकू की! आकडे तेवढे पुन्हा जुळवून द्या," म्हणत सरांनी बोट पुढे केलं.

युरिया. पाच मिनिटं गेली, ओळ दिसेना. ग्लिसरीन. तेच. शेवटी मामांनी नुसतं डिस्टिल्ड पाणी घेतलं. त्यात पेशी बघता बघता फुटतात. अर्धा तास झाला तरी नळी गढूळच. सरांच्या डोक्यात काही शिरत नाही हे विभागाला ठाऊक होतं. पण प्रकरण इतकं खोलवर गेलं असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

मामांनी स्वतःचं बोट टोचलं. दोन सेकंदांत ओळ लख्ख. म्हणजे पाणी ठीक, घड्याळही ठीक.

"सर, तुमच्या रक्तात काही जातच नाही हो."

सर हसले नाहीत. "माझ्या सरांचंही पुढे असंच झालं होतं. त्रास काही नव्हता त्यांना. उलट झोप छान लागायची." मग पेन पुढे सरकवत म्हणाले, "जुनेच आकडे लिहा. नाव हवंय ना?"

मामांनी लिहिले. खाली स्वतःचं नावही, वळणदार अक्षरात.

छापील पान हाती आलं त्या दुपारी मामांचा धाकटा भाऊ दवाखान्यात अत्यवस्थ होता. "आज तरी लवकर या," असं बायकोनं बजावलं होतं. पण आपलं नाव एकदा काचेतून वाचावं, असं मामांच्या मनात आलं. त्यांनी पान नळीमागे धरलं. डिस्टिल्ड पाणी. बोट टोचलं.

दोन सेकंद. दहा. एक मिनिट.

नाव दिसेना.

दुसरं बोट टोचलं. ते दुखलंही नाही.

घरी बायको दारातच बसली होती. "अहो, भाऊजी गेले हो! शेवटपर्यंत विचारत होते, दादा आला का, दादा आला का..."

मामा तिच्याशेजारी टेकले. खिशातलं घड्याळ त्यांनी सवयीनं दाबलं.

ती त्यांचा दंड धरून गदागदा हलवत होती. शेजारी जमले. मामांनी हळूच घड्याळ काढून पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती.

सकाळी घड्याळ उशाशी चालूच होतं. झोप मात्र छान लागली होती.