दत्तोबाची कबुली

"सरोजताई, आमच्या ड्रायव्हरनं घोळ केलाय." सकाळी आठलाच हिम्मतरावांचा फोन. "पिऊन गाडी घातली एका बाईच्या अंगावर. बाई जागीच गेली."

"कोण बाई?"

"रस्ता झाडणारी. तुमच्याच नारायणगुड्याची. सुशीलाबाई का कोण."

फोन कानाशी धरूनच वकील सरोज खिडकीशी गेली. सुशीलाबाई रोज पहाटे सहाला तिचीच गल्ली झाडायची. दुसऱ्या दिवसापासून गल्ली कुणी झाडेना, तरी सहाला सरोजला खराट्याची खरखर ऐकू येई. खिडकी उघडावी, तर पाचोळा जिथल्या तिथे.

हिम्मतराव मूळचे पुण्याचे. नव्वदनंतर कॉम्प्युटरच्या क्लासांवर वर आलेले, दारात नवी परदेशी गाडी. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा राहुल पिऊन गाडी चालवताना सापडला, तेव्हा सरोजनंच त्याला सोडवला होता. रक्त काढण्याआधी दंडाला स्पिरिट, म्हणजे अल्कोहोलच, चोळलं होतं, एवढ्यावर तिनं अहवाल उडवला. घरी पेढे आले होते.

कोठडीत दत्तोबा ड्रायव्हर खाली मान घालून बसला होता.

"कबूल करून टाकतो, बाई. दोन हजार दंड, नायतर चार-सहा महिने. साहेब बोलले."

"ते नुसतं पिऊन चालवल्याचं. माणूस मेलं त्याची दोन वर्षांपर्यंत कैद वेगळी. हे सांगितलं त्यांनी?"

दत्तोबा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू लागला.

"काय प्यायला होतात?"

"दारूच की."

"कुठली?"

"...बाटलीतली."

या गरिबाला पिताही येत नव्हतं आणि खोटंही बोलता येत नव्हतं. शिपायानं त्याच्या डाव्या हाताशी चहा ठेवला. दत्तोबानं हात हलवला आणि ग्लास लवंडला. दचकून त्यानं अख्खी मान वळवली.

संध्याकाळी सरोजनं डॉक्टरांचा दाखला वाचला. तोंडाला वास. चाल डळमळीत. टॉर्च मारल्यावर दोन्ही बाहुल्या सावकाश आकसल्या. तिनं तो तीनदा वाचला.

सकाळी तिनं दत्तोबाला एकच प्रश्न विचारला. तो ढसाढसा रडला.

"नक्को, बाई! लायसन जाईल माझं. गाडीशिवाय काय येतंय मला?"

"तुम्ही नको म्हणालात, तर मी बोलणार नाही. पण ज्यानं हे केलं तो उद्या पुन्हा गाडी काढेल. आणि रस्ता झाडायला दुसरी कुणी उभी असेल."

आठ महिन्यांनी खटला उभा राहिला. डॉक्टर साक्षीला आले.

"डॉक्टर, दोन्ही डोळे तपासलेत?"

"स्वतः. टॉर्च मारून."

"दोन्ही बाहुल्या आकसल्या?"

"हो. शपथेवर सांगतो."

सरोजनं दत्तोबाकडे पाहिलं. खूण केली नाही. त्यानं खिशातलं लायसन एकदा चाचपलं. मग त्यानं दोन बोटांनी डावा डोळा काढला आणि समोरच्या कठड्यावर ठेवला.

"काचेची बाहुली आकसत नाही, साहेब," सरोज म्हणाली. "खडी उडून हा डोळा पाच वर्षांपूर्वीच गेला. नोकरीपायी यांनी लपवला. मालकांनाही पत्ता नाही, म्हणून तर ते फसले. डॉक्टरांनी तपासणी खरीच केली, पण दुसऱ्याची. दाखल्यासाठी मालकांनी नाव मात्र सांगितलं दत्तोबाचं. चोर सोडून संन्याशाला फाशी! डॉक्टर, त्या सकाळी तुमच्यासमोर कोण होतं?"

डॉक्टरांची नजर बाकांवरून फिरली. मागचा एकजण दाराकडे सरकत होता.

"तो. तोच पोरगा."

शिपायांनी राहुलला धरलं.

"ताई, तुम्ही आमच्या वकील!" हिम्मतराव ओरडले. "गेल्या वेळी तर तुम्हीच—"

"मी दत्तोबांची वकील. आणि गेल्या वेळी राहुलला दंड होऊन त्याचं लायसन गेलं असतं, तर सुशीलाबाई आज असती. ते पाप माझं."

दत्तोबा सुटला. बाहेर पायरीवर डोळ्याला रुमाल बांधून तो बसला होता. बाजूला लायसन.

"सुटलो ना, बाई?"

"सुटलात."

"हौ. मग उद्यापासून काय करू?"

सगळी कलमं तोंडपाठ असलेली सरोज त्याच्याशेजारी पायरीवर बसली.