लीलाधर शेठची भैरवी

कंदील बारीक कर रे. आणि हुंकारा देत बसू नका, ही काही चिऊकाऊची गोष्ट नाही. आमच्या यादव मास्तरांच्या बाबतीत घडलेली आहे. मी तेव्हा वीस वर्षांचा, त्यांच्याकडं पेटी शिकत होतो. शिकत कसला, पेटीला छळत होतो. साल एकोणीसशे अठरा, कार्तिक शुद्ध पंचमी, शुक्रवार. रात्रीचे आठ वाजले असतील, मास्तर शिकवणीला निघाले होते.

बुऱ्हाणपुरात त्यांच्या सात शिकवण्या. कुठं सहा वर्षांचं पोरगं सारेगम म्हणता म्हणता पेंगायचं, कुठं वकिलांची सून दाराआडून गायची, आणि गळा असा की ऐकत राहावं. राजपुऱ्यात लीलाधर शेठ. कलाबतूचे, म्हणजे जरीच्या तारेचे व्यापारी, वय बासष्ट, सुराशी सात जन्मांचं वैर. तीन वर्षं नुसता 'सा' घोकत होते. तरी दर खेपेला एकच धोशा, "मास्टरजी, एक भैरवी देऊन टाका ना. मग मी मरायला मोकळा."

मास्तर म्हणायचे, "शेठ, भैरवी शेवटची. तिच्यानंतर काही गात नसतात, बैठक उठते. आधी सा तर लागू द्या."

त्या वर्षी तापाची साथ आली. घरटी माणूस गेलं. मास्तरांची बायको शारदा गेली आणि तिसऱ्या दिवशी विमल, सात वर्षांची, एकुलती एक. मास्तरांनी दोघींना तापीवर पोचवलं आणि घरात येऊन बसले. वीस दिवस डोळ्यांत टिपूस नाही. शेजारच्या सोजरबाई भाकरी द्यायच्या, तेवढी खायचे. नाही दिली तर मागायचे नाहीत. "मला काही होतच नाही," म्हणायचे. बाई पोटतिडकीनं सांगायच्या, "मास्तर, रडा हो! असे दगडासारखे राहिलात तर त्यांच्या मागं जाल!" आम्हा सगळ्यांना तीच धास्ती होती.

एकविसाव्या दिवशी, त्या शुक्रवारी रात्री उठले, टोपी घातली आणि चालू लागले. बरं वाटायला हवं ना? पण सोजरबाई मला म्हणाल्या, "हे चालणं काही खरं नाही रे बापा."

शेठचं दार उघडं होतं. आत दिवा नाही. खिडकीतून थोडं चांदणं, आणि गादीवर शेठ.

"या मास्टरजी."

मास्तर समोर बसले. दिवा का नाही, घरची माणसं कुठं, काही विचारलं नाही. विचारावंसं वाटतच नव्हतं.

शेठनी सा लावला.

लागला! तीन वर्षांत पहिल्यांदा. स्वच्छ. आणि थांबेचना. श्वास घ्यायलासुद्धा नाही...

मास्तर मला पुढं सांगायचे, "अंगावर काटा यायला हवा होता. नाही आला."

"आता भैरवी द्या."

मास्तरांनी दिली. तीनतालातली. एक ओळ ते म्हणायचे, तीच शेठ म्हणायचे.

मग... मागं कुणीतरी ताल धरला.

जमिनीवर. हळू. बरोबर लयीत.

मास्तरांनी वळून बघितलं नाही. शिकवताना मान वळवायची नाही, ही त्यांची शिस्त.

शेवटची ओळ झाली. समेवर शेठ थांबले. मागचा तालही थांबला...

मास्तर बसून राहिले.

"शेठ... थांबू का मी? इथंच?"



"भैरवी झाली, मास्टरजी. उठा."

"पण..."

"उठा."

उठले. घरी आले. झोपले.

सकाळी सोजरबाईंनी त्यांचं धोतर बघितलं, मागून सगळं पांढरं. "कुठं बसला होता हो?"

"लीलाधर शेठकडं. भैरवी दिली त्यांना."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, शेठला जाऊन अठरा दिवस झाले! घराला कुलूप आहे!"

शेठचा पुतण्या मोतीलाल किल्ली घेऊन आला. मी होतो, बाई होत्या, मास्तर होते. कुलूप जागच्या जागी. आत, साथीच्या घरात टाकतात तसा, सगळ्या फरशीवर चुना भुरभुरलेला. त्यात मास्तरांची पावलं, जाणारी आणि येणारी. ते बसले होते ती जागा. शेठच्या गादीवरचा चुना मात्र जसाच्या तसा.

आणि मास्तरांच्या जागेमागं, हातभर अंतरावर... पंजा.

लहान. पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी पडून चुना दबलेला. त्याच्या शेजारी उलट्या हाताचा ठसा. ताल धरताना टाळीच्या मात्रेला हात सुलटा, खालीच्या मात्रेला उलटा. हे पोराला आपोआप येत नाही, कुणीतरी शिकवावं लागतं. तिथवर येणारी पावलं कुठंच नव्हती.

"पोरंबिरं घुसली असतील," मोतीलाल म्हणाला.

मास्तर गुडघ्यांवर बसले. वाकून बघितलं. मग "विमे!" म्हणून असा हंबरडा फोडला की राजपुऱ्यातली माणसं दारात आली. दुपारपर्यंत रडत होते. सोजरबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "उठवू नका, रडू द्या."

संध्याकाळी मोतीलालनं घर धुऊन घेतलं. तेवढी एक फरशी मास्तरांनी धुऊ दिली नाही.