चाळीस हजार वर्षांचा उंदीर

दिशाने डब्यातल्या चिखलाची चिमूट पुढच्या दातांत धरली आणि तिचे डोळेच मोठे झाले. कचकच नाही! लोण्यासारखा मऊ. पेणच्या रामवाडीत, वडिलांच्या गणपतीच्या कारखान्यात ती माती चाखतच मोठी झाली होती; पण अशी माती... छे! टेबलावर डबा दिसला की तो माती विकणाऱ्याचा नमुना, हे तिथं ठरलेलंच. तिने गोळा मळला आणि हात शिवशिवत होते म्हणून छोटासा उंदीरही घडवला. शेपटी वळवते न वळवते तोच—

"अहो... माझा डबा?"

दारात एक उंच तरुण, मे महिन्याच्या उन्हात घामाघूम. रोह्याजवळच्या वरसेहून घरची मूर्ती सांगायला आलेला जितेश. फोन आला म्हणून डबा ठेवून जरा बाहेर गेला होता.

"तुम्ही मातीवाले ना?"

"मातीवालाच. पण ही खोल समुद्राच्या तळाची हाय. चार किलोमीटर खालची."

दिशाने जीभ चावली. "तिथं माती येते कुठनं?"

"जाड रेती नदी काठालाच टाकते. पार आत पोचते ती एकदम हलकी माती, वाऱ्यावरची धूळ, मेलेल्या बारीक जिवांची कवचं. ते हळू... हळू खाली बसतं. हजार वर्षांत एक-दोन मिलिमीटर."

"म्हणजे मी मळली किती वर्षं?"

"चाळीसेक हजार."

आता हा ओरडणार, असं तिला वाटलं. पण त्याने डब्याच्या तळाशी उरलेली चिमूट उचलली आणि शांतपणे दातांत धरली. "आम्हीपण संशोधनाच्या जहाजावर अशीच बघतो," तो हसला. "घाबरू नका. अभ्यासाचे नमुने संस्थेत हायत. हा शाळेतल्या पोरांना दाखवायचा होता... आता उंदीर दाखवीन."

त्या हसण्याने दिशाची पंचाईत केली.

"लगेच नाय मिळायचा," ती घाईने म्हणाली. "वाळायला हवा. डोळ्यांची आखणी तर सगळ्यात शेवटी."

तो तीन दिवसांनी आला. मग एक दिवसाआड, मग रोजच. डोळे काही होईनात! कधी ब्रश बारीक नाही, कधी हात ठीक नाही. खरं तर अख्ख्या रामवाडीत तिच्यासारखा आखणीचा हात नव्हता. पण डोळे झाले की उंदीर जाणार, आणि उंदीर गेला की हा कशाला येतोय पेणला? तो मात्र स्टुलावर बसून गाळाच्या गोष्टी सांगायचा. मनातलं चकार शब्दाने नाही. तुझ्या गाळाचाच वेग रे तुझा, ती मनात चिडायची.

सोळाव्या दिवशी तो म्हणाला, "सोमवारी निघतो. गोव्याहून जहाज. दीड महिना."

 दिशाने ब्रश घेतला.

"एक सांगू?" तो अडखळला. "हिरामणकाका पहिल्याच दिवशी बोलले— डोळे काढायला दोन मिनिटं लागतात."

कोपऱ्यात माती मळणारे कारागीर हिरामणकाका एकदम खोकू लागले. दिशा कानापर्यंत लाल झाली.

"ठाऊक होतं, तर रोज का आलात?"

"तू काढत नव्हतीस... म्हणून." त्याने स्टूल जवळ ओढलं. "मला तू आवडतेस, दिशा. खूप. माझ्यासाठी थांबशील?"

"सोळा दिवस थांबलेच ना!" ती हसली, आणि डोळे भरून आले.

"मग आज एकच डोळा काढ. दुसरा परत आल्यावर, आईबाबांना घेऊन येईन तेव्हा."

"काणा उंदीर न्यायचा जहाजावर?"

"व्हय."

तिने ब्रश टेकवला. ती अजून हसतच होती. डोळा जरासा तिरका, मिश्कील झाला. तिने उंदीर त्याच्या तळहातावर ठेवला आणि पहिल्यांदाच 'अहो-जाहो' सोडून म्हणाली,

"लवकर ये रे. गाळासारखा नको येऊस."