सुळक्यावरून मारलेली हाक

कुणाला पटो न पटो. ही वाट मी माझ्या पायांनी चाललेली आहे, ऐकलेली नाही.

साल त्रेसष्ट. भाद्रपद. सोनाळ्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्यात, एकावर एक तीन तळी. त्यांच्या डोक्यावर काळा सुळका.

माझे भासरे, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ कडूबा, दोन वर्षांपूर्वी गुरं घेऊन तिथं गेले.

गुरं परतली. ते नाही.

पितृपक्ष तोंडावर आला तसं सासूबाईंनी विचारलं, यंदा त्याचं पान वाढायचं की नाही? पान वाढलं की बनाबाईचं कुंकू गेलं. बनाबाई माझी थोरली जाऊ. तिनं एवढंच मागितलं, एकदा वर जाऊन त्यांना हाक मारू द्या. हरवलेल्या माणसाला त्याच्या बायकोनं सुळक्यावरून तीनदा हाक मारायची, ही आमच्याकडची रीत. ओ आली, तर माणूस आहे.

ती, मी आणि मालक निघालो. डोक्यावर वाकळा, फडक्यात भाकरी. चढ सरता सरेना. मधल्या तळ्यापाशी अंधारलं, तशी तिथंच पाठ टेकली. पाय असे भरून आले होते, की भ्यायलाही जोर उरला नव्हता. बेडूक तेवढे ओरडत होते.

तांबडं फुटताना मालक सामानापाशी थांबले. आम्ही दोघी कासोटे खोवून हातापायांवर सुळका चढलो. दगड ओले. बनाबाईचा गुडघा फुटला. तिनं रक्त पुसलंही नाही.

वर वारा नव्हता. पाखरू नव्हतं.

तिनं पदर सावरला.

"अवो... घरी चाला."

काही नाही.

"अवो... घरी चाला."

तिसऱ्यांदा तिचा आवाज फाटला. आणि मग...

"हो..."

खालून, वरच्या तळ्याकडून. पुरुषाचा आवाज. थकलेला. जणू तोही फार चालून आला होता.

बनाबाई मटकन बसली. मी उतरून तळ्याला फेरी मारली. काठचा चिखल सायीसारखा मऊ...

त्यावर एकही पाऊल नाही.

मालकांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

उतरताना मालक पुढं, मग बनाबाई, शेवटी मी. आम्ही काठानं गेलो की बेडूक गप्प व्हायचे. पुढं सरकलो की पुन्हा ओरडू लागायचे.

मग पुन्हा गप्प व्हायचे...

माझ्या मागे.

मी मालकांना सांगितलं. ते वळले नाहीत. "मांगं पाहू नको. चालत राह्य."

घरी सासूबाई उंबऱ्यातच होत्या. ओ आली, एवढंच बनाबाईनं सांगितलं. म्हातारीनं डोळे पुसले. भाकरतुकडा ओवाळायला हात वर केला, आणि तो तसाच राहिला.

"बने, नाव घेऊन हाक मारली ना व त्याले?"



नवऱ्याचं नाव आम्ही कधी तोंडानं घेतलं होतं? लग्नात उखाण्यात एकदा, तेही लाजत. मी शेजारीच उभी होते, मलाही सुचलं नाही. नावाशिवायच्या हाकेला त्या डोंगरात कोण कोण ओ देत असेल...

"मंग कोनाले घेऊन आली व माय?"

बनाबाईनं डोक्यावरची वाकळ उतरवली. रिकाम्या अंगणाकडं पाहिलं. दोन वर्षांत तिचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता.

"कोनी का असना, आत्याबाई. थकून आलं हाये. आंदर येऊ द्या."

तिनं पाय धुवायला पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला.

त्या पक्षात भासऱ्यांचं पान वाढलं नाही. पुढं कधीच नाही. बनाबाईच्या खोलीत रोज दोन ताटं जायची. दोन्ही रिकामी परत यायची.

गेल्या पौषात ती गेली. कुंकवानिशी गेली.

आता दुसरं ताट कुणी न्यायचं, हा विषय घरात कुणी काढत नाही. मीच नेते. गुडघे दुखतात, तरी नेते. दाराबाहेर ठेवते आणि परत फिरते.

जेवायला या, असं मात्र म्हणत नाही.