चोवीस तारखेचं कोरं पान

चोवीस ऑक्टोबर, सकाळी सहा चाळीस. नंदिनी नगरजवळच्या बंद चुनखडी खाणीत साचलेल्या पाण्यावर शामराव मेश्राम पालथे तरंगताना दिसले. वय अडुसष्ट. खाणीच्या पंपावरून निवृत्त. डोक्याच्या मागे जखम, दुर्बीण अजून गळ्यातच.

काठावरच्या बाभळीला त्यांची कापडी पिशवी टांगलेली होती. आत पोळ्यांचा डबा आणि पक्ष्यांच्या नोंदींची छापील तारखांची डायरी. चोवीस तारखेचं पान कोरं होतं.

त्याच दिवशी दुपारी पोलिसांनी रसमड्याच्या एका कारखान्यातून धम्मपाल रंगारी या कामगाराला पाळीवरून उचललं. संध्याकाळी खुनाचा गुन्हा दाखल झाला.

पंचवीसला सकाळी धम्मपालची बायको सुजाता भिलाईच्या पॉवर हाऊस भागातल्या बाजारात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आली. दारावर पाटी होती : प्रेरणा वासनिक, खाजगी तपास. आत प्रेरणा होती आणि तिचे मामा जानराव, रेल्वेचे निवृत्त मालगाडी गार्ड. लग्नाआधीच्या चौकशा आणि विम्याची प्रकरणं यावर ते ऑफिस चालायचं. खुनाचं प्रकरण तिथे पहिल्यांदाच येत होतं.

सुजाताने जे सांगितलं ते थोडक्यात असं. धम्मपाल कामावर जाण्याआधी खाणीच्या पाण्यात मासे धरतो. काठावर कोणीतरी पक्ष्यांसाठी नायलॉनचे फासे लावत होतं, आणि शामरावांचा संशय धम्मपालवर होता. चार दिवसांपूर्वी भर चौकात दोघांचं भांडण झालं. धम्मपाल रागाच्या भरात बोलून गेला की बुढा एक दिवस पाण्यात जाईन. हे वीस जणांनी ऐकलं होतं. चोवीसला पहाटे पावणेपाचला दूधवाल्याने त्याला काठावर पाहिलं होतं. पाच वाजून अठ्ठेचाळीसला रसमड्याच्या गेटवर त्याची हजेरी लागली होती.

"शवविच्छेदनात वेळ काय?" प्रेरणाने विचारलं.

"चार ते सहा. पण पोलीस म्हंतात पाचच्या आत. कावून, तर शामरावकाका उजेड फाकला का लिवाले लागत, आन् पान कोरं हाय. म्हंजे उजेडाआधीच गेले." सुजाताने पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "ताई, त्यानं मास्याशिवाय काही मारलं नाई. त्याले जलम जेलात काढा लागंन का?"

जानरावांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. ती गेल्यावर ते म्हणाले, "पोरी, केस तं पक्की दिसून राहिली."

"पान कोरं आहे हे पोलिसांना दाखवलं कोणी?"

ते जानरावांना माहीत नव्हतं. पोलीस ठाण्याच्या प्रमुखांनी, टीआय साहेबांनी, फोनवर सांगितलं : नरेश ढोमणेने. प्रेत पहिल्यांदा पाहणाराही तोच.

नरेशला भिलाईत कोण ओळखत नाही. रेल्वे कॉलनीत वाढलेला, वय एकतीस, राहायला कुम्हारी. शाळाशाळांतून पक्ष्यांवर बोलतो, रायपूरच्या लोकांना पक्षी दाखवायला आणतो. दुर्बीण धरायला त्याला शामरावांनीच शिकवलं होतं. दुपारी तो खाणीच्या काठावरच भेटला. डोळे सुजलेले. उजव्या तर्जनीला पट्टी होती. लेन्सचा हूड तुटून लागलं म्हणाला.

त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या सकाळी तो सहाला कुम्हारीहून निघाला आणि सहा पस्तीसच्या सुमारास पोचला. आधी कॅमेरा लावला, मग पायाखालच्या कपारीच्या आडोशाला काका दिसले. पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी पिशवी उघडली तेव्हा डायरी समजावून सांगायला त्यालाच बोलावलं. त्याने चोवीसचं पान काढून दाखवलं आणि उजेडाचा हिशोबही त्यानेच मांडला.

"आदल्या संध्याकाळी कोणी होतं इथे?"

"मी होतो ना, ताई. तेवीसला सहापर्यंत, क्लायंटसोबत. पाणी एकदम रिकामं. एक बदक नाही." त्याने पाण्याकडे बोट केलं. "आणि सकाळी हे. पट्टकादंब. हिमालय ओलांडून येतात, पण भिलाईत कधी उतरले नव्हते. तीस वर्षं काकांनी वाट पाहिली. सात आले, और काका ने देखा तक नहीं."

राखाडी अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले ते मोठे पक्षी पलीकडच्या काठाला होते. नरेशने मोबाइलवर फोटो दाखवला. सगळं तळं एका चौकटीत, वेळ सहा अडतीस. हा फोटो एका दिवसात रायपूर-नागपूरपर्यंत फिरला होता.

जानरावांनी चष्मा वर करून मोजले. "सहाच दिसून राहिले, बाबू."

"एक फ्रेमच्या बाहेर असेल, मामा."

काठावर चुन्याच्या चिखलात बांबूच्या दोन खुंट्या अजून होत्या. एकीला तुटलेला नायलॉनचा दोरा आणि एक राखाडी पीस. पोलिसांनी दुसऱ्या खुंटीवरचा फासा जप्त केला होता, धम्मपालविरुद्ध पुरावा म्हणून.

मैनाबाई तिथेच शेळ्या चारते. तिचं म्हणणं असं की शेजारच्या चालू खाणीचा सहाचा भोंगा वाजत होता तेव्हाच ती वरच्या कड्यावर पोचली. धुकं होतं. माणूस कोणी दिसलं नाही.

"पक्षी दिसले?"

"दिसले ना. परदेशी बदकं. सा होते."

"नक्की सहा?"

"चाळीस शेळ्या रोज मोजतो मी, बाई. सा मोजता येत नाई का मले?"

संध्याकाळी दोघं शामरावांच्या घरी गेले. अंजनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पोलिसांनी कोऱ्या पानाचा फोटो घेऊन पिशवी त्यांना परत दिली होती. डबा त्यांनी अजून धुतला नव्हता.

तेवीसच्या संध्याकाळी शामराव साडेपाचला विहारात वंदनेला होते. बुद्धवंदना संपल्यावर नवरा-बायको बरोबरच घरी आले. दुसऱ्या दिवशी शामराव चारला नेहमीप्रमाणे उठले.

"निंगताना मी म्हनलं, आज चोवीस हाय, दहाले डॉक्टरकडे जाचं हाय, लवकर या. तं म्हंतात, अजून चोवीस लागाची हाय. तेवढंच बोलले. शेवटचं."

"डॉक्टरले टाळून राहिले असंन," जानराव हळूच म्हणाले. "मीबी तसंच करतो."

प्रेरणाने डायरी उघडली. तेवीसचं पान भरलेलं होतं. शेवटच्या चार ओळी अशा :

४.३५ – टिटवी ११
५.०० – धोबी ३
५.४० – पट्टकादंब ७. एकाला हिरवा गळपट्टा, के-४१
५.५२ – ६

जानरावांनी ओळींवर बोट ठेवलं. "घ्या. म्हंजे पक्षी तेवीसच्या संध्याकाळीच आले होते. त्या नरेशचं ध्यान नसंन."

प्रेरणा पानं मागे उलटत गेली. ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट, थेट जानेवारीपर्यंत. प्रत्येक पानाची फक्त पहिली ओळ बघत होती. वीस मिनिटं लागली.

"मामा, उद्या सकाळी सगळ्यांना इथे बोलवा. टीआय साहेबांनाही."

सव्वीस ऑक्टोबर, सकाळी दहा. शामरावांच्या समोरच्या खोलीत टीआय, त्यांचा हवालदार, सुजाता, अंजनाबाई, मैनाबाई आणि नरेश. खुर्च्या कमी पडल्या म्हणून जानराव दारात उभे राहिले.

"हे तेवीसचं पान," प्रेरणा म्हणाली. "शेवटच्या दोन ओळी पाच चाळीस आणि पाच बावन्नच्या. वाचणारा म्हणेल संध्याकाळ. पण तेवीसच्या संध्याकाळी साडेपाचला शामराव विहारात होते. नरेश सहापर्यंत खाणीवर होता आणि पाणी रिकामं होतं, असं तोच सांगतो. तरी पानावर सात पट्टकादंब आहेत. मग या ओळी कधीच्या?"

हवालदार पान बघायला पुढे वाकला.

"शामराव रोज साडेचारला खाणीवर पोचत. पण वर्षभराच्या एकाही पानाची पहिली नोंद सहाच्या आधीची नाही. एकही नाही, साहेब. मोजून पाहा. पहाटेची नोंद प्रत्येक वेळी आदल्या पानाच्या शेवटी आहे."

"कावून?" जानरावांनी दारातून विचारलं.

"तुम्ही रेल्वेवाले, मामा. तुमची तारीख रात्री बाराला बदलते. खाणीत, पोलादाच्या प्लांटमध्ये दिवस सकाळी सहाला सुरू होतो. रात्री दहाला लागलेली सी शिफ्ट सहाच्या भोंग्यापर्यंत आदल्याच तारखेत चालते. माझे बाबा कोक ओव्हनच्या भट्टीवर होते. पहाटे पाचला विचारलं तरी ते कालचीच तारीख सांगायचे, आई चिडायची. शामरावांनी चौतीस वर्षं पंपाचं लॉगबुक तसंच भरलं. पक्ष्यांचंही तसंच भरलं."

अंजनाबाईंनी मान वर केली. "अजून चोवीस लागाची हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"हो. खरंच लागायची होती. या ओळी चोवीसच्या पहाटेच्या आहेत. पाच बावन्नला शामराव जिवंत होते, लिहीत होते. पाच अठ्ठेचाळीसला धम्मपाल तीस किलोमीटरवर रसमड्याच्या गेटवर हजेरी लावत होता."

सुजाताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. टीआय साहेबांनी डायरी ओढून घेतली आणि ते सप्टेंबरची पानं चाळायला लागले. पाच-सहा पानांनंतर थांबले.

"आता आकडे," प्रेरणा म्हणाली. "पाच चाळीसला सात. पाच बावन्नला सहा. भोंग्याला मैनाबाईंनी पाहिले ते सहा. सहा अडतीसच्या फोटोत सहा, आणि त्या फोटोत सगळं तळं आहे. बारा मिनिटांत एक पक्षी गेला, तो परत आला नाही. काठावर तुटका फासा आहे, त्यात पट्टकादंबाचं पीस आहे. सातवा पक्षी फाशात अडकला, कोणीतरी त्याला काठावर ओढलं, ते शामरावांनी पाहिलं. शिस्तीचा माणूस. आधी नोंद केली, डायरी पिशवीत ठेवली, पिशवी झाडाला टांगली आणि मग गेले."

ती नरेशकडे वळली. "सहा पस्तीसला आलेल्या माणसाला सहाच दिसायला हवेत. तू मला काल सात सांगितलेस."

नरेश म्हणाला, "डायरीत वाचलं असेल मी."

"तेवीसचं पान वाचलं असतंस तर त्या संध्याकाळी एक बदक नव्हतं असं म्हणाला नसतास. तू फक्त चोवीसचं पान पाहिलंस. ते कोरं निघालं आणि तुझा जीव भांड्यात पडला. तूही रेल्वे कॉलनीतला. तुला वाटलं, चोवीसच्या पहाटेचं जे काही लिहिलं असेल ते चोवीसच्या पानावर असणार. बोटाची पट्टी सोड. लेन्सचा हूड कापत नाही. नायलॉन कापतो."

त्याने पट्टी सोडली नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि तो काहीतरी वेगळं सांगेल अशी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आशा होती. वर्षानुवर्षं याच खोलीत त्याने पोळ्या खाल्ल्या होत्या.

मग तो बोलला, तुटक तुटक. थवा पहाटे उतरताना त्याने पाहिला. तो तिथे चारपासून होता. फासे त्याचेच, बरेच दिवस लावायचा, छोट्या पक्ष्यांना. एकाचा पाय बांधला की बाकीचे उडून जात नाहीत, क्लायंटला जवळून फोटो मिळतो. मारायचं कोणाला नव्हतं. रायपूरचे लोक आठला येणार होते, तेवढा वेळ थांबवायचं होतं. काका धावत आले. सुरीने दोरा तोडू लागले. दोघांनी ओढलं. काका मागे गेले, कड ओली होती.

"मी ढकललं नाही. खालच्या कपारीवर डोकं आपटलं त्यांचं. मी पक्षी सोडून दिला लगेच. सच में, सोडला. तो उडाला."

"आन् त्यायले?" जानरावांनी विचारलं.

नरेशने तोंड भिंतीकडे फिरवलं.

अंजनाबाई उठल्या. स्वयंपाकघरातून डबा घेऊन आल्या, त्याच्यासमोर फरशीवर ठेवला आणि झाकण काढलं. सहा पोळ्या होत्या, कडक झालेल्या.

"दोन तुह्या असत. रोज. त्या दिवशीबी टाकल्या होत्या," त्या म्हणाल्या. आणि आत निघून गेल्या.

हवालदाराने नरेशच्या खांद्यावर हात ठेवला. मैनाबाई त्याच्याकडे पाहत पुटपुटली की याच पोराने तिच्या नातवाला शाळेत घार आणि शिक्रा ओळखायला शिकवलं होतं.

धम्मपाल तिसऱ्या दिवशी सुटला. घरी आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते गळ विहिरीमागे फेकायचं. सुजाताने तो उचलून परत खुंटीला लावला.

नरेशवर कोणता गुन्हा लागणार हे अजून ठरलेलं नाही. त्याचा वकील म्हणतो, तो पक्ष्याला सोडवत होता आणि झटापटीत अपघात झाला. सरकारी पक्षाचं म्हणणं, पक्षी मारून लपवला आणि साक्षीदाराला ढकललं. फोटोतल्या सहांपैकी कोणालाच गळपट्टा नाही, म्हणजे फाशातला के-४१च; तो जिवंत सापडला तर नरेशचं अर्धं बोलणं खरं ठरतं. पाणबुडे दोन दिवस खाणीत उतरले. त्यांना सुरी मिळाली. पक्षी मिळाला नाही.

गळपट्टा बसवणाऱ्या संशोधकांचं मंगोलियाहून उत्तर आलं : के-४१ मादी आहे, तीन वर्षांची. त्यापुढे त्यांच्याकडे काही नोंद नाही.

दोन नोव्हेंबरला दुपारी गोंदियाजवळच्या एका तलावावरून एका शिक्षकाने जानरावांच्या मोबाइलवर फोटो पाठवला; के-४१ दिसला तर कळवा असा निरोप त्यांनी सगळीकडे फिरवला होता. पट्टकादंब, एकटा, बांधावर एका पायावर उभा. गळ्याशी हिरवा रंग दिसतो. मान पंखात खुपसलेली आहे. क्रमांक दिसत नाही.