डाव्या चाकाचा आवाज

दिवा घालवायची काही गरज नाही, आणि दारही उघडंच राहू द्या. घाबरवायला म्हणून मी हे सांगत नाहीये. माझं टायरचं दुकान होतं ना, त्याच्या शेजारच्या गॅरेजातल्या मिस्त्रीची ही गोष्ट आहे, आणि ती त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितली. ज्याला पटायची नाही त्याने आत्ताच उठून झोपायला जावं, मला राग येणार नाही... नाही उठत कोणी? मग ते मोबाइल खिशात टाका.

तारीख सतरा डिसेंबर, वार गुरुवार, रात्रीचे साडेदहा. मिस्त्रीने डॉक्टरबाईंची गाडी जॅकवरून खाली घेतली, हात पुसले आणि शटर ओढलं. गाडी म्हातारी, वीस वर्षांची, पण बाईंचा तिच्यावर भारी जीव. पुढच्या डाव्या चाकाचा बॉल जॉइंट झिजला होता, तो त्याने नवा बसवला होता. आपल्या खांद्यात कसा वाटीत गोळा फिरतो, तसा हा चाकाचा सांधा. झिजला की आधी टकटक करतो, आणि मग एक दिवस गोळा वाटीतून बाहेर येतो आणि चाक आडवं पडतं. बाईंना पहाटे पाचला परगावी निघायचं होतं. तेव्हा गाडी रात्रीच त्यांच्या दारात लावायची, किल्ली पत्रपेटीत टाकायची आणि चालत घरी यायचं, एवढंच काम होतं.

या मिस्त्रीबद्दल लोक म्हणायचे, याला कानाने दिसतं. गाडी फाटकातून आत येईस्तोवर हा खुर्चीत बसल्या बसल्या सांगायचा, "मागचा उजवा शॉकअप गेलाय," आणि नेमका तोच गेलेला असायचा. त्याची थोडी मिजासही होती त्याला. मी चिडवायचो, की तुझी बायको मनातल्या मनात शिव्या देते त्यासुद्धा तुला ऐकू येत असतील. "त्याच तेवढ्या येत नाहीत," तो म्हणायचा, "म्हणून तर संसार टिकलाय."

पण गेलं सव्वा वर्ष त्याचं हसणं बंद झालं होतं. का, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. मिस्त्री त्यांच्याच हाताखाली शिकला. सर निवृत्त झाले तरी त्याला अरे-तुरेच करायचे, आणि हाही त्यांच्यासमोर विडी लपवायचा. एका संध्याकाळी सर आपली जुनी गाडी घेऊन आले. म्हणाले, "डावीकडून टकटक येतंय रे, जरा बघ."

आता कामातली एक गोष्ट समजून घ्या. असल्या जुन्या गाडीचा हा सांधा तपासायचा तर जॅक खालच्या आर्मला लावावा लागतो. आर्म म्हणजे चाकाला धरून ठेवणारा लोखंडी हात. तिथे जॅक लागला की सांध्यावरचा भार उतरतो, मग चाकाखाली पहार घालून उचकटलं की झीज बोटाला कळते. जॅक नुसता बॉडीला लावला, तर स्प्रिंग सांध्याला दाबून धरते आणि पार मेलेला सांधासुद्धा घट्ट लागतो. हे मिस्त्री कामाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवायचा. पण त्या संध्याकाळी त्याला मेव्हण्याकडे जेवायला जायचं होतं. बायकोचे तीन फोन येऊन गेले होते. आर्मखाली जॅक बसवायचा तर आडवं पडावं लागणार, अंगात धुतलेला शर्ट. त्याने जॅक बॉडीला लावला आणि चाक हलवून पाहिलं. घट्ट.

"सांधा ठीक आहे सर, शेजारच्या लिंकचं रबर गेलंय, बदलून देतो. बिनधास्त फिरवा."

चौथ्या दिवशी कालव्याच्या पुलापाशी, वळणावर, ते चाक आडवं झालं. गाडी सरांचा मुलगा चालवत होता. तो हात मोडून वाचला. सर शेजारी, डाव्या बाजूला बसले होते. ते जागेवरच गेले.

आणि खरी लाजेची गोष्ट इथून पुढे आहे, पोरांनो. चूक काय, माणसाच्या हातून होते. गाडी ओढून आणायला मिस्त्रीलाच बोलावलं होतं. त्याने वाकून पाहिलं. गोळा वाटीतून निघालेला होता आणि वाटी घासून घासून चकचकीत झाली होती. ती झीज चार दिवसांची नव्हती, कित्येक महिन्यांची होती. त्याला सगळं कळलं. तेवढ्यात पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारलं, "गाडीत काही दोष होता का हो?"

मिस्त्री म्हणाला, "छे. ठणठणीत होती. चार दिवसांपूर्वी मीच तपासलीये."

मुलगा तिथेच उभा होता, हात गळ्यात बांधलेला. तो हळूच म्हणाला, "मिस्त्री म्हणतात म्हणजे गाडी ठीकच असणार. माझंच काहीतरी चुकलं."

झालं. गावाला तेवढं पुरलं. कोणी म्हणे झोपला, कोणी म्हणे मोबाइल बघत होता. बापाला मारलं म्हणायलाही लोकांनी कमी केलं नाही. मुलाने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. आई त्याला दोन वेळा वाढायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. आणि मिस्त्री? तो तेराव्यालाही जाऊन आला. मान खाली घालून बसला. लोकांना वाटलं, केवढं दुःख झालंय बिचाऱ्याला.

तर, सतरा डिसेंबर. कालव्याचा रस्ता मिस्त्रीने सव्वा वर्ष टाळला होता. पण त्या रात्री बाजारातला रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवलेला. डॉक्टरबाईंच्या घरी जायला दुसरी वाटच नव्हती. त्याने काच वर केली, रेडिओ लावला आणि निघाला.

अकराला आठ मिनिटं कमी होती. कालव्याचा पूल दिसायला लागला.

टक.

पुढून, डावीकडून.

त्याने रेडिओ बंद केला. रस्ता सपाट होता. नवा जॉइंट, स्वतःच्या हाताने बसवलेला.

टक... टक.

पूल आला तसा आवाज वाढला. वळणावर तर इतका, की पायाखालचा पत्रा थरथरायला लागला. पहाटे बाई याच गाडीत बसणार. त्याने गाडी कडेला घेतली, उजेडाला बॅटरी काढली, जॅक आणि पहार काढली. उतरला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. खाली कालव्याचं पाणी, तेसुद्धा आवाज न करणारं.

इथून लवकर सुटायचं, एवढंच डोक्यात. त्याने जॅक लावला, पहार घातली, उचकटली. घट्ट! काही नाही. त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि उठायला लागला.

तेवढ्यात गाडीच्या पलीकडून कोणीतरी विचारलं,

"कुठे लावलास?"

आवाजात राग नव्हता. फळ्यापाशी उभं करून विचारतात ना, तसा होता.

मिस्त्रीने खाली बघितलं. जॅक बॉडीला लावला होता... पुन्हा. पुन्हा तेच केलं होतं त्याने.

पलीकडे कोणी नव्हतं. बॅटरी फिरवली. रस्ता. कठडा. बस्स. मला तो म्हणाला, "खरं सांगू का, भीती नंतर वाटली. आधी लाज वाटली. शाळेत वाटायची तशी."

त्याने जॅक सोडवला. रस्त्यावर आडवा पडला. नीट आर्मखाली लावला. चाक उचललं. पहार टायरखाली सरकवली, बॅटरी दातांत धरली, आणि आत हात घालून सांध्यावर तळवा ठेवला.

या कामाला दोन माणसं लागतात. एकाने पहार हलवायची, दुसऱ्याने हात ठेवून झीज बघायची. मिस्त्री एकटा होता. दुसरा हात पहारीकडे न्यायला लागला...

पहार हलली.

त्याने हात लावला नव्हता.

वर... खाली. वर... खाली. सावकाश. जाणत्या माणसाने हलवावी तशी. आणि तळव्याखाली तो नवा कोरा सांधा... टक. टक. दोन सूत तरी ढिला. हात काढवेना.

पहार थांबली.

"कळलं?"

"...हो, सर."

नुसती थंडी. आणि मग अगदी जवळून, चाकाच्या पलीकडून...

"मग सांग."

तो बाहेर आला तेव्हा पहार रस्त्यावर पडलेली होती. त्याने पुन्हा तपासलं. सांधा घट्ट होता. नवाच होता. उरलेल्या रस्त्याला एकदाही आवाज आला नाही. पण तो डॉक्टरबाईंकडे गेला नाही आधी. थेट सरांच्या घरी गेला.

बारा वाजायला आले होते, तरी बाहेरच्या खोलीत दिवा होता. मुलाला झोप लागत नसे. दार उघडल्यावर आतून सरांच्या पत्नी, काकूही आल्या, शाल गुंडाळत. मिस्त्रीच्या अंगावर धूळ, हात काळे. काकू म्हणाल्या, "काय रे, काय झालं? बरा आहेस ना?"

तो उभ्या उभ्याच बोलला. "काकू, त्या दिवशी याची काही चूक नव्हती. गाडीचा सांधा तुटला होता. गाडी ओढायला आलो तेव्हा मी बघितला होता. चाकच आडवं झाल्यावर हा काय, कोणीही गाडी आवरली नसती."

मुलगा खाली बसला. सव्वा वर्ष धरून ठेवलेलं रडू, ते एकदम फुटलं. काकू दाराला धरून उभ्या राहिल्या, मग पुढे झाल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून नुसतं "बाळा" म्हणाल्या. मिस्त्रीने तोंड फिरवलं.

थोड्या वेळाने काकूंनी डोळे पुसले. "पण तू तर तपासली होतीस ना रे?"

हाच तो प्रश्न. मिस्त्री मला म्हणाला, जॅक, आर्म, धुतलेला शर्ट, मेव्हण्याचं जेवण... सगळं जिभेवर आलं होतं. पण काकू इतक्या मायेने बघत होत्या, की त्याने ते गिळून टाकलं.

"तपासली होती, काकू. पण असले पार्ट सांगून जात नाहीत."

"मग तू तरी काय करणार?" काकू म्हणाल्या. "सव्वा वर्ष हे मनात घेऊन फिरलास होय रे?" आणि त्यांनी त्याला प्यायला पाणी आणून दिलं. त्याने ते उभ्याने संपवलं. असं मेल्याहून मेल्यासारखं आयुष्यात कधी झालं नव्हतं, असं म्हणाला तो.

गाडी त्याने रात्रीच बाईंच्या दारात लावली. त्या पहाटे गेल्या, सुखरूप परतही आल्या. पुलावर पुन्हा कोणाला काही ऐकू आलं नाही. मुलगा हळूहळू माणसांत आला, पुढे गाडीही चालवायला लागला.

मला हे कळलं ते आठ दिवसांनी. मिस्त्री दुपारी दुकानात येऊन माझ्यासमोर बसला, सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर हात धुतले. रॉकेल लावलं, साबण लावला. काळं सगळं गेलं. हे खाली राहिलं." त्याने उजवा तळवा माझ्यापुढे उघडला. सांध्यावर ठेवलेला तोच हात.

मधोमध, लाल शाईत, कोणीतरी सुबक अक्षरात लिहिलं होतं. एक, खाली छोटी रेघ, रेघेखाली दोन. भोवती गोल.

अर्धा मार्क.

आठ दिवस झाले होते, पोरांनो. शाई आत्ताच लिहिल्यासारखी ओली दिसत होती. मी बोट लावून बघितलं, लागली नाही.

मी विचारलं, "मग? उरलेलं सांगून आलास?"

त्याने मूठ मिटून घेतली.